जोड लावतानाच निम्मी कुस्ती ठरते: बॉक्सिंगच्या वादग्रस्त निकालांबद्दल

महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची ती कुस्ती सोलापूर जिल्ह्यात अजून मिटलेली नाही. जानेवारी २०२३, पुणे, महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची अंतिम लढत. एक मंगळवेढ्याकडचा, दुसरा मोहोळचा, म्हणजे दोन्हीकडून आपलीच माणसं. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, आणि ते चार होते की दोन यावर घराघरांत व्हिडिओ थांबवून थांबवून पंचनामा झाला. कुस्तीत निदान एवढी सोय आहे की पाठ लागली की पंचाचं काम संपतं. आणि तो वाद होता एका डावाचा.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असा वाद एका लढतीत बारा वेळा होऊ शकतो. लास व्हेगासची मोठी लढत आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते, आणि निकाल वाकडा लागला की चहा गार व्हायच्या आत मोबाइलवर 'फिक्स होती' सुरू होतं. कधीकधी ते खरंही असतं. पण ज्या जागी लोक बोट ठेवतात, ती जागा बहुतेक वेळा चुकीची असते.

आधी स्कोअरकार्ड वाचायला शिकावं लागतं. पुरुषांची विजेतेपदाची लढत १२ राउंडची, राउंड ३ मिनिटांचा, मध्ये १ मिनिट विश्रांती. रिंगच्या तीन बाजूंना तीन जज, एकमेकांशी न बोलता. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. हरणारा एकदा खाली पडला तर ८, दोनदा पडला तर साधारण ७. ढकलाढकली, खालचा वार, डोक्यानं धडक यासाठी रेफरीनं गुण कापला तर तो वेगळा वजा. दर राउंडनंतर जजचे गुण गोळा होतात. त्यामुळे आठव्या राउंडला 'तिसरा जरा चुकलाच आपला' असं वाटलं तरी जजच्या हातात काही उरत नाही.

आता बेरीज. एका साध्या राउंडचे दोघांचे मिळून १९ गुण होतात. बारा राउंडचे २२८. कोणतंही स्कोअरकार्ड समोर आलं की दोन्ही आकडे मिळवायचे. २२८ आले तर लढत सरळ झाली: ११५-११३ म्हणजे ७-५ राउंड, ११६-११२ म्हणजे ८-४, ११७-१११ म्हणजे ९-३. बेरीज २२८ च्या खाली असेल तर कोणी पडलंय किंवा गुण कापलेत. वर असेल तर जजनं काही राउंड १०-१० दिलेत.

लेनॉक्स लुईस आणि एव्हँडर होलिफिल्ड, १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एका जजनं ११६-११३ लुईसला दिले, दुसऱ्यानं ११५-११५, आणि युजेनिया विल्यम्स यांनी ११५-११३ होलिफिल्डला. लढत बरोबरीत सुटली. सगळा राग विल्यम्सबाईंवर निघाला, आणि त्याला कारण होतं: लुईसनं होलिफिल्डला दोरांवर दाबून झोडपलेला पाचवा राउंडसुद्धा त्यांनी होलिफिल्डला दिला होता. पण ११५ अधिक ११५ म्हणजे २३०. म्हणजे त्या दुसऱ्या जजनं दोन राउंड बरोबरीत सोडवले होते. त्यातला एक जरी त्यानं लुईसला दिला असता, तरी ११५-११४, दोन जज लुईसकडे आणि विजेतेपदाचा पट्टाही त्याच्याकडे. त्या जजचं नाव मात्र फारसं कोणाच्या तोंडी नसतं.

हेच २०१७ मध्ये. १६ सप्टेंबर, लास व्हेगास, कनेलो अल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्किन. अ‍ॅडलेड बर्ड यांनी कनेलोला ११८-११० दिले, म्हणजे दहा राउंड कनेलोचे आणि गोलोव्किनला फक्त चौथा आणि सातवा. भयंकरच कार्ड होतं, यात वाद नाही. डेव्ह मोरेटी यांनी गोलोव्किनला ११५-११३ दिले, डॉन ट्रेला यांनी ११४-११४. पुन्हा बरोबरी. ट्रेलांच्या कार्डावर सातवा राउंड कनेलोचा आहे. हा तोच राउंड, जो खुद्द बर्डबाईंनीही गोलोव्किनला दिला होता. तो ट्रेलांनी तिकडे टाकला असता तर ११५-११३, दोन जज गोलोव्किनकडे, निकाल त्याचा. बर्डबाईंनी ११८ ऐवजी ११५ दिले असते तरी कनेलोकडे एकच मत पडलं असतं. आरडाओरडा ११८ वर झाला, लढत फिरली ती दुसऱ्या कार्डावरच्या सातव्या राउंडला.

गुण कापले गेले असतील तर बेरजेचा आणखी उपयोग होतो. फेब्रुवारी २०२२, ग्लासगो, जोश टेलर आणि जॅक कॅटरॉल. आठव्या राउंडला टेलर खाली पडला, दहाव्यात कॅटरॉलचा एक गुण गेला, अकराव्यात टेलरचा. बेरीज २२५ यायला हवी. कार्डं होती ११३-११२ कॅटरॉल, ११३-११२ टेलर आणि ११४-१११ टेलर. तिन्हींची बेरीज बरोबर २२५. आता उलट मोजत गेलं की ११४-१११ देणाऱ्या जजनं टेलरला आठ राउंड दिले होते हे कळतं. घरच्या स्कॉटलंडमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, एकदा आपटी खाल्लेल्या बॉक्सरला बारापैकी आठ. ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डानं त्या जजची श्रेणी एक पायरी खाली आणली. निकाल होता तसाच राहिला.

आता कोणी म्हणेल, डोळ्यांसमोर घडतंय तर एवढा फरक पडतोच कसा? टीव्हीवर आपल्याला दिसतं ते उंचावरून, चांगली बाजू निवडून, रिप्लेसह. जज बसतो रिंगच्या कडेला, मान वर करून. समोर तीन-चार दोर, मध्ये रेफरीची पाठ, कडेला कॅमेरे घेऊन वाकलेले फोटोग्राफर. विल्यम्सबाईंनी नंतर हीच तक्रार केली होती. बॉक्सरची पाठ आपल्याकडे असेल तर ठोसा दिसतच नाही. दिसतो तो खांदा आणि कोपर, मग प्रतिस्पर्ध्याची मान मागे जाते का यावरून अंदाज. कोपऱ्यात अडकलेल्या माणसाच्या पोटात बसलेला आखूड हूक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, तीनपैकी एकाच जजला नीट दिसतो. आणि आवाजाचं तर विचारू नका. हातमोज्यावर अडवलेला ठोसा 'धप्' असा वाजतो, प्रेक्षक त्यालाच ओरडतात, आणि बरगडीत बसलेला ठोसा मुकाट आत जातो. घरच्या बॉक्सरच्या अडवलेल्या ठोशावर दहा हजार माणसं उठली की जजचं मन तेवढं तरी हलतं. याला भ्रष्टाचार म्हणता येत नाही.

त्यात निकष चार: स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. मान पहिल्याला. बाकीच्या तिघांचं वजन त्याहून कमी. प्रत्यक्षात पुढे पुढे चालणारा माणूस जिंकतोय असं वाटतं, मग त्याचे दहातले आठ ठोसे हवेत जात असले तरी. 'परिणामकारक' हा शब्द तिथे उगाच घातलेला नाही. १० सप्टेंबर १९९३ ला सॅन अँटोनिओमध्ये हुलिओ सेझार चावेझ पुढे येत राहिला आणि पर्नेल व्हिटेकर त्याला बाजूला सरकून हाणत राहिला. दोन जजांनी ११५-११५ दिले. बेरीज २३०, पुन्हा तेच: दोघांच्याही कार्डावर १०-१० दिलेले राउंड. जजला निर्णय घ्यायचा नसतो तेव्हा १०-१० येतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन मिनिटांत काहीच घडलं नाही असे राउंड फार थोडे असतात.

स्वतः गुण लिहायचे असतील तर टीव्हीचा आवाज बंद करायचा. समालोचकाला एक बॉक्सर आवडलेला असतो आणि तो आपल्याही डोक्यात तोच भरतो. वहीत तीन रकाने: राउंड, कोणाचा, आणि पक्का की डळमळीत. घंटा वाजल्यावर दहा सेकंदांत लिहून मोकळं व्हायचं. पडद्यावर ठोशांची आकडेवारी येते तिच्याकडे लिहून झाल्यावरच बघायचं. राउंडचा शेवट ठळक लक्षात राहतो, म्हणून शेवटच्या वीस सेकंदांत जोर करून राउंड पदरात पाडून घेणं ही बॉक्सरांची जुनी युक्ती आहे. पहिली अडीच मिनिटं काय झालं ते मुद्दाम आठवायचं.

या वहीतला तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. समजा पक्के राउंड ५-३ निघाले आणि चार डळमळीत. ते चारही एकीकडे गेले तर ९-३, म्हणजे ११७-१११. चारही उलट गेले तर ५-७, म्हणजे ११३-११५. म्हणजे अशा लढतीत एका जजनं ११७-१११ आणि दुसऱ्यानं ११३-११५ दिले तरी दोघंही प्रामाणिक असू शकतात. कार्डात एवढी तफावत दिसली की लोक चोर चोर म्हणतात, आणि लढत मुळात तशीच असते. उलट नऊ राउंड पक्के एकाचे असताना निकाल दुसऱ्याकडे गेला, तर मात्र कान टवकारायचे.

९ जून २०१२ ची मॅनी पॅकियाओ-टिमोथी ब्रॅडली लढत या दुसऱ्या प्रकारातली. दोन जजांनी ब्रॅडलीला ११५-११३ दिले, एकानं पॅकियाओला ११५-११३. पट्टा देणाऱ्या डब्ल्यूबीओ या संघटनेनं पाच जजांकडून चित्रीकरण पुन्हा बघून घेतलं, पाचही जणांनी पॅकियाओला दिली. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीच्या मोजणीत पॅकियाओचे बसलेले ठोसे २५३, ब्रॅडलीचे १५९. ही मोजणी अधिकृत नसते, हे ध्यानात ठेवलेलं बरं. दोन माणसं एकेका बॉक्सरवर नजर ठेवून बटणं दाबतात, त्यात हलकी टपली आणि जबडा हलवणारा ठोसा यांची किंमत एकच. पण शंभराच्या आसपास फरक असला की तो काहीतरी सांगतोच. नेवाडाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चौकशी केली, गुन्हा सापडला नाही. ब्रॅडलीला देणाऱ्या दोघांपैकी एक जज सी. जे. रॉस यांनी पुढच्याच वर्षी फ्लॉइड मेवेदर आणि कनेलोची लढत ११४-११४ दिली. इतर दोघांचं मत होतं ११६-११२ आणि ११७-१११, दोन्ही मेवेदरला. त्यानंतर रॉसबाई जजच्या कामातून बाजूला झाल्या.

मला हे अकलेच्या कमतरतेचं लक्षण वाटतं, खरेदीचं नाही. कारण हिशेब साधा आहे. निकाल विकत घ्यायचा तर तीनपैकी एक जज घेऊन भागत नाही, दोन लागतात. मेवेदरच्या लढतीत ११४-११४ नं निकालावर शून्य परिणाम झाला. ज्यानं काहीच हलत नाही अशा मतासाठी पैसे कोण मोजेल? एकटं पडलेलं विचित्र कार्ड हा फिक्सिंगचा फार कच्चा पुरावा आहे. आणि जज घेऊनही धोका उरतोच: समोरच्यानं नवव्या राउंडला डावा हूक बसवला आणि आपला माणूस आडवा झाला, की सगळे पैसे पाण्यात.

ज्याला खरंच खात्री हवी असते तो इतका उशीर करत नाही. जत्रेच्या मैदानात रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून एक नंबरच्या कुस्तीपर्यंत जोडी कोण लावतं, त्याच्या हातात किती असतं, हे आपल्याकडच्या शौकिनांना सांगायला नको. कोणाला कोणाशी, कधी, किती इनामावर. तोलामोलाची जोड टाळली की नुरा कुस्ती करायची गरजच पडत नाही. बॉक्सिंगचं अगदी असंच आहे. एखाद्याचा विक्रम २२-० दिसला की त्या बावीस जणांची नावं काढून बघा. त्यातले पंधरा जण आधीच दहा-पंधरा लढती हरलेले, आठवड्याभराच्या बोलावण्यावर आलेले, वजनानं लहान, बाहेरगावचे निघतात. ते मुद्दाम हरत नाहीत. त्यांना हरण्याच्या जागेवर उभं केलेलं असतं. आणि जजांची फी शेवटी प्रमोटरच्या खिशातून निघते, नेमणूक बॉक्सिंग कमिशननं केली तरी. पट्टा देणारी संघटना मानधनातून साधारण तीन टक्के घेते. मोठ्या कमाईचा बॉक्सर हरला तर कोणाकोणाचं उत्पन्न बुडतं ते सगळ्यांना पाठ असतं. कुणाला काही सांगावंच लागत नाही.

करार हे तर सगळ्यात रंगतदार प्रकरण. ६ एप्रिल १९८७, मार्व्हिन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड. लेनर्ड जवळपास तीन वर्षं रिंगबाहेर होता. त्याच्या बाजूनं पैशांचा मोठा वाटा हॅगलरला सोडला आणि बदल्यात तीन गोष्टी मागून घेतल्या: १५ ऐवजी १२ राउंड, २० फुटी मोठी रिंग, आणि १० औंसाचे हातमोजे. बघा कसं बसवलंय ते. रिंग मोठी म्हणजे पळायला जागा आणि कोपऱ्यात सापडायची भीती कमी. मोज्यात भर जास्त म्हणजे हॅगलरच्या ठोशाची धार बोथट. आणि शेवटचे तीन राउंड, जिथे दमलेला लेनर्ड सापडला असता, ते नाहीतच. वर हॅगलरच्याच गोटानं इंग्लंडचे जज हॅरी गिब्ज यांच्यावर हरकत घेतली आणि त्यांच्या जागी मेक्सिकोचे होसे हुआन गेरा आले. निकाल: एक जज ११५-११३ हॅगलर, एक ११५-११३ लेनर्ड, आणि गेरांचं कार्ड ११८-११० लेनर्ड. गिब्जनी लढत इंग्लंडमध्ये घरी बसून पाहिली आणि सांगितलं, माझ्या हिशेबानं हॅगलर जिंकला. यात एक पैसाही कोणी टेबलाखालून दिला नव्हता. सगळं सहीशिक्क्यानिशी.

टेबलाखालचा पैसा क्रमवारीत असतो. आयबीएफ या पट्टा देणाऱ्या दुसऱ्या संघटनेचे अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर १९९९ मध्ये खटला भरला गेला. पैसे घेऊन बॉक्सर क्रमवारीत वर सरकवले जात होते, हॉटेलच्या खोलीतलं छुपं चित्रीकरण पुराव्यात होतं. २००० मध्ये काही आरोपांत ते दोषी ठरले, बाकीच्यांतून सुटले, आणि २२ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच खटल्यात प्रमोटर बॉब अ‍ॅरम यांनी कबूल केलं की १९९५ च्या जॉर्ज फोरमन-अ‍ॅक्सेल शुल्झ लढतीला मान्यता मिळवायला १ लाख डॉलर दिले होते. लक्षात घ्या, पैसे निकालासाठी नव्हते, जोड लागण्यासाठी होते. पुढे ती लढतही फोरमनला वादग्रस्त निकालानंच मिळाली. १९७७ मध्ये एबीसी वाहिनीवर डॉन किंग यांची एक अख्खी स्पर्धा अशीच बंद पडली: बॉक्सरांच्या नावावर न झालेल्या लढती दाखवून त्यांना क्रमवारीत बसवलं होतं.

मुद्दाम हरण्याचं सगळ्यात पक्कं उदाहरणही अखेर जोडीपाशीच येतं. १४ नोव्हेंबर १९४७ ला जेक लामोटा चौथ्या राउंडला बिली फॉक्सकडून हरला. उभा राहून मार खात होता, पडला नाही, उलट वार केला नाही. लढतीआधीच सट्ट्याचा भाव फॉक्सकडे इतका झुकला होता की शंका सगळ्यांना होती. लामोटानं १९६० मध्ये सिनेट समितीपुढे कबुली दिली. मोबदला काय, तर विजेतेपदाच्या लढतीची संधी. ती त्याला १९४९ मध्ये मिळाली आणि तो विजेता झाला.

त्यामुळे संशय घ्यायचाच तर तो लढतीच्या आठवडाभर आधी घ्यावा. भाव कोणत्याही बातमीशिवाय एका बाजूला का पळाला? प्रतिस्पर्धी ऐनवेळी का बदलला? वजनाची अट कोणी मागितली, रिंग किती फुटी, रेफरी आणि जज कोणत्या देशाचे? हे सगळं छापून आलेलं असतं, फक्त कोणी वाचत नाही.

हौशी बॉक्सिंगची गोष्ट वेगळी आहे, ती यात मिसळू नये. तिथे पाच जज आणि तीनच राउंड, आणि घोळही वेगळ्या तऱ्हेचे. १९८८ च्या सोलमध्ये रॉय जोन्स ज्युनियर ३-२ नं हरवला गेला, त्यातून बटण दाबायची यंत्रं आली, ती २०१३ मध्ये पुन्हा गेली आणि दहा गुणांची पद्धत आली. पॅरिसला २०२४ मध्ये निशांत देव १-४ नं हरला तेव्हा आपल्याकडेही बरीच आग पाखडली गेली. सहा महिनेही झाले नाहीत तोच, जानेवारी २०२५ मध्ये तो व्यावसायिक झाला, म्हणजे आता त्याचे गुणही हेच तीन जज लिहिणार.

उपाय म्हणून उघड गुणांची पद्धत वापरून झाली आहे: चौथ्या आणि आठव्या राउंडनंतर गुण जाहीर करायचे. पुढे असलेला शेवटचे चार राउंड पळत राहतो आणि लढतीचा चोथा होतो. तिनाऐवजी पाच जज हा उपाय मला जास्त पटतो, कारण एका सातव्या राउंडवर पट्टा फिरणं त्यानं थोडं तरी अवघड होईल. खर्च फार वाढत नाही. तरी कोणी करत नाही.

निकाल मागाहून फिरवणं तर जवळजवळ अशक्यच. ९ जुलै २०११ ला अटलांटिक सिटीत पॉल विल्यम्सनं एरिसलँडी लाराला हरवलं. कार्डं ११६-११४, ११५-११४ आणि ११४-११४, यातल्या दोघांची बेरीज तुम्ही आता स्वतः तपासा. न्यू जर्सीच्या मंडळानं तिन्ही जजांना अनिश्चित काळासाठी निलंबित केलं. असं तिन्ही जजांचं एकदम क्वचितच होतं. लाराच्या खात्यावर मात्र ती लढत आजही पराभव म्हणूनच आहे, कारकिर्दीतला पहिला.